आधी हाक मारून बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा कागद मिळाला. बाळासाठी चौदा नावं, त्यातली नऊ लाल पेनाने खोडलेली, दोन हिरव्याने पुन्हा जिवंत केलेली आणि खाली तुझं वाक्य : ‘बाई, कॉमन नको, विचित्रही नको, डोकं चालेनासं झालंय.’ वर्गात तू गणितंही अशीच सोडवायचास. उत्तर मधेच कुठेतरी येऊन गेलेलं असायचं आणि तू ते खोडून पुढे जायचास.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, त्यामुळे लगेच कामाचं बोलते. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी या पत्रात चार वेळा तरी सांगणार आहे. नाव हाक मारायला असतं. यादी बाजूला ठेव, दुसऱ्या खोलीत जा, दार लोटून घे आणि एकेका नावाने मोठ्याने हाक मार. चिडून मार, कौतुकाने मार, जेवायला बोलावतोयस अशी मार. तू हे अजून केलेलं नाहीस, ते यादी बघूनच कळतं. ‘रेयांश’ला एकदा जरी हाक मारली असतीस तरी शेवटच्या ‘श’पाशी आवाज कसा फुस्स होतो ते तुझं तुलाच ऐकू आलं असतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला त्यातला नुसता ‘रे’ पोचेल. मग तुझा मुलगाच येईल की आणखी कोणी, देव जाणे.

तू लिहितोस, यातलं एकही नाव कॉमन नाही. रेयांश, अयांश, विआन, कियान, रियान. अरे, एकेकटं बघितलं तर नसेल. पण वर्गात ही सगळी एकाच बाकावर बसणार आहेत आणि शिक्षिकेने मागून ‘...यान’ एवढंच म्हटलं की चार माना वळणार आहेत. फॅशन हल्ली नावाची राहिलेलीच नाही, ती शेपटाची झाली आहे. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी, म्हणजे निवृत्तिवेतन वगैरे बघणारं सरकारी खातं, १८८० पासूनच्या नावांच्या याद्या जाहीर करतं. १८८० साली तिथे जन्मलेल्या दर शंभर मुलग्यांत आठ जॉन होते. गेली काही वर्षं पहिल्या नंबरवर असलेला लियाम शंभरात जेमतेम एक. म्हणजे विविधता वाढली म्हणायची? नावांची वाढली, खरंच. पण त्याच याद्यांत एडन, जेडन, ब्रेडन, केडन ही पलटणही एकामागून एक आलेली दिसते. प्रत्येकाच्या आईबापांना वाटलं असणार, आपण वेगळं काहीतरी शोधून काढलं. तुझा विआन आणि शेजारचा कियान यांचं नेमकं तेच आहे.

चौतीस वर्षं मी वर्गाच्या हजेरीचा कॅटलॉग भरला. कुठल्या साली कुठलं वारं आलं ते मला त्या पानांवरून सांगता येतं. सुरुवातीला संतोष, संदीप, सुनील. मग अमित आणि राहुल. एका वर्गात सात अमित होते, त्यांना मी आडनावाने हाक मारायची आणि मधल्या सुट्टीत ते एकमेकांना आकड्यांनी. मग प्रथमेश, ओंकार, यश. निवृत्तीच्या सुमाराला आरव, अर्णव, विहान. मात्र एक सांगते. त्या सात अमितांपैकी एकालाही आपलं नाव दोनदा सांगावं लागलं नाही. हे मला तेव्हा दिसलं नाही.

अर्थाचं बोलायचं तर ते तुम्ही मोबाइलवर बघता. आरव म्हणजे ‘शांत’, असं तू त्यापुढे लिहिलं आहेस. संस्कृत कोश उघड. आरव म्हणजे आवाज, ओरडा, गलका. पोराच्या दृष्टीने हा अर्थ जास्त खरा आहे, हे सोड. शिव अधिक अंश शिवांश, देव अधिक अंश देवांश, इथपर्यंत संधी तुला मीच शिकवला आहे. पण ‘रेयांश’मधला ‘रेय’ कोण? ‘अयांश’मधला ‘अय’ कुठून आला? ‘सूर्याचा पहिला किरण’ हा अर्थ त्याला कुणी चिकटवला? कोणीतरी कानाला गोड लागणारी दोन अक्षरं जोडली, दुसऱ्याने अर्थ लिहिला, तिसऱ्याने तो उतरवला. कॉपी कशी पसरते ते मला नको सांगू, मी पेपर तपासले आहेत.

आणि अर्थ ऐकून पोराला कोणी हाक मारत नाही. नाव हाक मारायला असतं.

आता जरा कडू बोलते. जर्मनीत १९९१ साली मुलग्यांच्या नावांत ‘केविन’ सगळ्यात वर होतं. एका सिनेमातलं त्या नावाचं खट्याळ पोर सगळ्यांना आवडलं होतं. पुढे लाट ओसरली आणि ते नाव चेष्टेचा विषय झालं. २००९ मध्ये ओल्डेनबर्ग विद्यापीठात शिक्षकांच्या मतांचा एक अभ्यास झाला, त्यात मुलाला न बघताच ‘केविन’ म्हटलं की उनाड, असा शिक्षकांचा ग्रह निघाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला नाही, लाज वाटली. कारण जूनमध्ये कोरा कॅटलॉग हातात आला की नावं वाचता वाचता मीही ठरवून टाकायची : हा हुशार असणार, याच्या घरी शिस्त नसणार, याचे आईबाप सिनेमाला फार जातात. तुझं नाव वाचून काय ठरवलं होतं ते सांगत नाही. चुकलं होतं एवढंच.

माझ्या मुलाचं नाव तुला ठाऊक आहे, ते इथे लिहीत नाही. त्याला आवडायचं नाही. चार अक्षरं, ‘प्र’ने सुरू, शेवटी ‘स्’. वरुणाचं नाव आहे, अर्थ बुद्धिमान. ते मी शोधलं. ह्यांना ‘मोहन’ ठेवायचं होतं. मी म्हटलं, माझ्या वर्गात दोन मोहन आहेत, दोघंही शेवटच्या बाकावर. विषय तिथे संपवला. संपवला म्हणजे मी संपवला.

पुढे त्या नावाचं काय काय झालं! प्रशांत, प्रवीण, प्रकाश. एका बक्षीस समारंभात तर माइकवरून ‘प्रवचन’ असं पुकारलं गेलं आणि माझं पोर मान खाली घालून स्टेजवर गेलं. मी दर वेळी लोकांना दुरुस्त करत राहिले. उच्चार, जोडाक्षर, व्युत्पत्ती, सगळं. मला वाटायचं मी भाषेची सेवा करते आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर कॉफी प्यायला गेले होते. हल्ली पेल्यावर नाव लिहून घेतात. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, तो म्हणाला, “अमित.” सहज म्हणाला, रोजच्यासारखं. मला वाटलं पुढे मित्र वगैरे कोणी आहे. थोड्या वेळाने तिने “अमित!” अशी स्वच्छ हाक मारली आणि माझा मुलगा उठून दोन पेले घेऊन आला. माझ्यासमोर एक ठेवला. दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही. पेल्यावर काळ्या पेनाने लिहिलेलं नाव माझ्याकडे तोंड करून होतं. सात जणांचं, म्हणून मी नाक मुरडलेलं.

त्या रात्री आणखी एक गोष्ट लक्षात आली. ह्यांनी मुलाला त्याच्या नावाने हाक मारलेली मला आठवतच नाही. ‘ए राजा’, ‘अहो साहेब’, ‘बाळू’, काहीही. नाव कधीच नाही. मी समजत होते, लाड आहेत. त्यांच्या तोंडात ते बसतच नव्हतं, हे मला तीस वर्षांनी कळावं, आणि तेही विचारायला ते नसताना.

तरी माझं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. नाव शोधलं की तो एकटा सापडतो. दुसऱ्या कोणाची नोटीस, दुसऱ्या कोणाचं पार्सल त्याच्याकडे चुकून येत नाही. अर्थ अस्सल आहे, कोशात आहे. आणि घरोघर अमित जन्मत असताना वेगळी वाट धरायला धीर लागतो, तो मी दाखवला. फक्त त्या धीराची किंमत रोज त्याने चुकती केली. असो. मला तुझ्याबद्दल लिहायचं होतं.

तुझ्या यादीत ‘ज्ञानद’ आहे, म्हणून एक कागदोपत्री गोष्ट. आपण ‘द्न्य’ म्हणतो म्हणून रोमन लिपीत डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाला ‘ग्य’ म्हणतो म्हणून जी-वाय. एका दाखल्यावर एक, दुसऱ्यावर दुसरं, आणि मग जन्मभर प्रतिज्ञापत्रं. ‘ऋ’चंही तेच. ‘ळ’ला तर रोमनमध्ये स्वतःचं अक्षरच नाही. फोनवर एकदा सांगितलं आणि समोरच्याने एकदाच लिहून घेतलं, असं नाव हवं. म्हणजे पुन्हा तेच : कानाने ऐकून कळायला हवं.

आणि फॅशन नको म्हणून पणजोबांचं नाव उकरून काढशील तर तेही तपासून घे. जुनी नावं शोधण्याचीही आता फॅशन आली आहे. तुला ते म्हणायला बरं वाटतंय की लोकांना सांगायला, एवढं प्रामाणिकपणे बघ.

तुझी चौदाही नावं मी काल संध्याकाळी गॅलरीत उभी राहून मोठ्याने म्हटली. शेजारच्या दोन मुलांनी वर बघितलं. बहुतेक नावं घशातच अडकली. ‘विहान’ चालतं, शब्द खरा आहे, अर्थ पहाट, पण तुझ्या मुलाच्या वर्गात ते तीन असतील आणि तुला तेच नको आहे. आठव्या नंबरवर ‘मुकुंद’ आहे. ते म्हटलं आणि ‘मुकुंदाऽऽ’ असं आपोआप लांबलं, मी काही केलं नाही. रागावूनही म्हणून पाहिलं, तरी राग टिकला नाही.

ते लाल पेनाने खोडलेलं आहे, दोनदा, आणि त्यावर हिरवी रेघ नाही. कागद सोबत परत पाठवते आहे. ते तू खोडलंस की तिने, आणि खोडण्याआधी कोणी मोठ्याने म्हटलं होतं का, तेवढं कळव.

तुझ्या,
बाई