रंगमंदिराजवळचे पाच गुंठे आणि मुदतठेवीतले सहा लाख

प्रश्न : वय ६३. पती तीन वर्षांपूर्वी वारले. बेळगावात नेहरूनगरात कुमार गंधर्व रंगमंदिरापासून पाच मिनिटांच्या चालीवर आमची पाच गुंठे मोकळी जागा आहे. जागेच्या खात्यावर (महापालिकेतल्या मालमत्तेच्या नोंदीवर) अजून सासऱ्यांचंच नाव आहे, आणि दिरांचा निम्मा हिस्सा आहे. पुतण्या म्हणतो, फरशा, शेड, गेट, कॅमेरे करून कार्यक्रमांच्या दिवशी पे-पार्किंग सुरू करू. खर्च ६ लाख. वर्षाला ६० तरी कार्यक्रम होतात, एका रात्रीचे ५ हजार सुटतील असा त्याचा हिशोब. पेन्शन १४ हजार, घरखर्च २६ हजार. बँकेत १० लाख ७ टक्क्यांनी आणि सोसायटीत ४ लाख ९ टक्क्यांनी ठेवलेत. बँकेतली ठेव मोडून सहा लाख घालू का?

उत्तर :

ताई, सहा लाख घालू नका. जागा मात्र वापरात आणा. तिथं पैसा आहे, फक्त पुतण्यानं तो चुकीच्या वेळेला शोधलाय.

आधी त्याचे पाच हजार तपासू. पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट, साधारण ५०६ चौरस मीटर. उघड्या जागेत एका कारला आत-बाहेर करण्याच्या वाटेसकट २३ चौरस मीटर धरतात, म्हणजे सगळा प्लॉट भरला तरी २२ कार. प्रत्येकी ५० रुपये घेतले तर ११०० रुपये. निम्म्या जागेत दुचाक्या लावल्या तर आकडा वाढतो : ११ कारचे ५५० आणि दाटीवाटीनं ९० दुचाक्यांचे वीस-वीस रुपयांनी १,८००, एकूण २,३५०. पाच हजारांसाठी शंभर कार लागतील, आणि त्या एकावर एक रचाव्या लागतील.

दुचाकीला जागा कमी लागते नि पैसे जास्त सुटतात, हे कागदावर खरं आहे. पण आपल्या गावातला स्कूटरवाला वीस रुपये देण्याआधी तीन गल्ल्या फिरेल आणि कुणाच्या तरी कंपाउंडला गाडी टेकवून मोकळा होईल. पैसे देतो तो कारवाला. आईला आणि मावशीला रंगमंदिराच्या दारात उतरवलेलं असतं, पहिली घंटा झालेली असते, आणि मागून हॉर्न वाजत असतात. त्याला पन्नास काय, सत्तरही जड नाहीत.

कार्यक्रमाच्या पार्किंगची खरी गोम वेगळीच आहे. बाजारपेठेत एकच जागा दिवसातून चार-पाच वेळा विकली जाते. गणपत गल्लीत खरेदीला आलेला माणूस तासाभरात निघतो, त्याच्या जागी दुसरा येतो. मैफिलीला सगळे एकाच अर्ध्या तासात येतात आणि एकदमच उठतात. रात्रभरात जागा एकदाच विकली जाते, पण पावत्या फाडायला आणि गर्दी बाहेर काढायला दोन पोरं ठेवावीच लागतात. दाटून गाड्या लावल्या तर मध्यंतरातच उठणारा एखादा मागच्या रांगेत अडकतो, आणि मग त्याचा आवाज आतल्या तानेपेक्षा वर चढतो.

आता साठही रात्री जागा तुडुंब भरली असं धरू. साठ गुणिले २,३५० म्हणजे १,४१,०००. दोन पोरांना रात्रीचे सहाशे-सहाशे धरले तर ७२ हजार. लाइट, झाडलोट, कॅमेऱ्यांची डागडुजी १५ हजार. उरतात ५४ हजार, त्यातले निम्मे दिरांचे. तुमच्या हाती २७ हजार. मोडलेल्या ठेवीचं व्याज मात्र वर्षाला ४२ हजार जातं. ही झाली प्रत्येक रात्री हाउसफुल्लची गोष्ट. जागा निम्मी भरली तर पोरांची मजुरीसुद्धा निघत नाही. शिवाय आपल्याकडे जूनपासून गणपतीपर्यंत पाऊस असा लागतो की कार्यक्रमांचा हंगामच आखडतो.

तुमच्या घरखर्चाकडे पाहिलं तर गोष्ट आणखी अवघड आहे. १० लाखांचं व्याज ७० हजार, सोसायटीचं ३६ हजार, म्हणजे महिन्याला ८,८००च्या आसपास. पेन्शन धरून पावणेतेवीस-तेवीस हजार. आजच महिन्याला सव्वातीन हजार कमी पडताहेत, ते बहुधा मुद्दलातून जात असणार. सहा लाख काढले की महिन्याचे आणखी साडेतीन हजार गेले, तूट दुप्पट. तिसऱ्या महिन्यात औषधांच्या बिलाला काय करणार?

एक गोष्ट पुतण्याच्या हिशोबात कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकली ती हीच. जागा सामाईक, पैसा फक्त तुमचा. फरशी एकदा जमिनीला बसली की ती जमिनीचीच. उद्या वाटणी झाली, जागा विकायची ठरली, तर 'त्या फरशा माझ्या पैशाच्या' म्हणून त्या उचलून नेता येणार नाहीत. पुतण्याची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट पोरगं धडपडं दिसतंय. पण धडपडीला स्वतःचा पैसा लागला की हिशोब जरा काटेकोर होतो. त्याच्या वडिलांनी निम्मे घालावेत, तेही कागदावर.

मग जागेचं काय करायचं? महिन्याच्या भाड्यावर द्या. आजूबाजूला जुनी घरं आणि अपार्टमेंट असतील तर तिथले कारवाले रोज रात्री जागेसाठी भांडत असतात. दिवसा कॉलेजांची नि इस्पितळात येणाऱ्यांची वर्दळ वेगळीच. बावीसपैकी दहा जागा ७०० रुपये महिन्यानं गेल्या तर वर्षाला ८४ हजार. यासाठी माणूस ठेवायचा नाही, पावती फाडायची नाही. हे सातशे माझा अंदाज म्हणून धरा. आधी शेजारच्या चार अपार्टमेंटच्या सेक्रेटऱ्यांना विचारा आणि सहा जणांचा आगाऊ महिना हातात आल्याशिवाय एक टोपलीभर मुरूमही टाकू नका.

उरलेल्या बारा जागा कार्यक्रमांसाठी ठेवा, पण तिकीट घेणाऱ्या प्रेक्षकाच्या मागे लागू नका. संगीत मंडळं, नाटकांचे ठेकेदार, शाळांची स्नेहसंमेलनं यांच्याशी थेट बोला : रात्रीचे दीड हजार ठोक. दिवे तुमचे, गाड्या लावायला स्वयंसेवक त्यांचे. पाहुणे कलाकार आणि देणगीदार यांच्या गाड्या कुठं लावायच्या ही त्यांची कायमची डोकेदुखी असते, ती सुटते. वर्षात वीस रात्री मिळाल्या तरी ३० हजार.

खर्च? फरशा नकोत. तांबडी माती थोडी खरवडून, खडी-मुरूम टाकून, रोलर फिरवून, उतार गटारीकडे काढायचा. हा उतार विसरलात तर पहिल्याच आषाढात चाकं रुततील आणि भाडेकरू पळतील. गेट रुंद करा, एकाच वेळी एक कार आत नि एक बाहेर जाईल एवढं. दोन एलईडी दिवे, चुन्याच्या रेघा. कॅमेरा एक पुरे. सगळं मिळून लाख-सव्वा लाखात बसावं. १,१०,००० धरले तर तुमचे ५५ हजार. भाडं आणि कार्यक्रम मिळून १,१४,०००, त्यातून १८ हजार देखभाल, वीज, घरपट्टीला, उरले ९६ हजार. तुमच्या वाट्याला महिन्याला ४ हजार, म्हणजे तूट भरून वर थोडे. सातच कार आल्या आणि एकही आयोजक फिरकला नाही, तरी तुमच्या वाट्याला महिन्याला सतराशे येतात नि पावणेतीन वर्षांत ५५ हजार वसूल होतात. वाईटात वाईट काय होईल ते पेलवतंय, म्हणून मी याला हो म्हणतोय.

हे ५५ हजार सोसायटीतल्या ठेवीची मुदत संपली की तिथून काढा. आणि तसंही ती रक्कम तिथं चार लाखांवर ठेवू नका. बँक अडचणीत आली तर ठेव विम्यातून व्याजासकट पाच लाखांपर्यंत मिळतात, सहकारी बँकांतही. सोसायटी आणि पतसंस्थांना हा विमा नाही. दोन टक्के जादा व्याज त्याचंच असतं. साठी उलटली आहे, तेव्हा पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. गेल्या काही तिमाहींत तिचा दर ८.२ टक्के राहिलाय, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं, आणि खातं उघडतानाचा दर पाच वर्षं बदलत नाही.

कागदपत्रांचं आता. सासऱ्यांच्या नावावरचा खाता आधी वारसांच्या नावावर करून ई-खाता, म्हणजे त्या नोंदीचा ऑनलाइन उतारा, काढा. त्याशिवाय भाडेकरार कुणी करायचा हाच प्रश्न उरतो. एखाद्या ठेकेदाराला पूर्ण जागा दिलीत तर करार ११ महिन्यांचा ठेवा, वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावाच लागतो. व्यापार परवाना आणि जागेवरची घरपट्टी किती वाढेल हे महापालिकेत आधीच विचारून घ्या. फलक लावलात तर त्यावर ६० टक्के मजकूर कन्नड हवा, हा २०२४चा नियम. मराठी खाली घाला, वाद ओढवून घेऊ नका, दंडाचे पैसे मुरुमात जाऊ देत. जीएसटीची काळजी नको, सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असली की नोंदणी लागत नाही. मोकळ्या जागेचं भाडं आयकरात 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायचं. तुमचं एकूण उत्पन्न सव्वातीन लाखांच्या आसपास राहील, नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही.

आणि कुणाचीही किल्ली हातात घेऊ नका. 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलं की आपण सुटलो, अशी समजूत आहे. दिल्लीतल्या एका हॉटेलातून चोरीला गेलेल्या मारुती झेनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं की किल्ली घेऊन गाडी लावून देणाऱ्या हॉटेलला तेवढ्या ओळीवर स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. तुम्ही फक्त जागा भाड्यानं देताय, गाडी राखायला घेत नाही, हे करारात स्पष्ट लिहा.

पुतण्याला नाउमेद करू नका. भाडेकरू आणणं, आयोजकांशी बोलणं, दर महिन्याला वसुली हे काम त्याला द्या आणि जमलेल्या भाड्यातून दहा टक्के त्याला आधी काढून ठेवा, मग वाटणी. वरच्या चार हजारांच्या हिशोबात हे दहा टक्के धरलेले नाहीत, तेवढा तुमचा वाटा थोडा कमी होईल. वर्षभरात दहाच्या दहा जागा भरल्या आणि बाहेर रांग लागली, तर फरशांचा विषय पुन्हा काढू, तोही भाड्यातून साठलेल्या पैशांवर.