घरी फ्लोट टँक बसवायचा असेल तर मीठ-पाण्याचं गणित आणि देखभाल कशी असते?

तुम्ही विचारलंय की घरातल्या रिकाम्या खोलीत फ्लोट टँक (अंग आपोआप तरंगेल इतक्या खारट, कोमट पाण्याची झोपायची टाकी) बसवायचा आहे, तर मीठ किती लागेल आणि निगा कितपत राखावी लागेल. मिठाचा हिशेब सोपा आहे. निगेचं म्हणाल तर बहुतेक सगळं एकाच गोष्टीवर येऊन ठेपतं: आतलं पाणी थंड होऊ द्यायचं नाही.

आतून 2.4 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद टाकी आणि पाण्याची खोली 25 सेंटिमीटर धरा. म्हणजे 720 लिटर द्रावण. घनता साध्या पाण्याच्या 1.27 पट, म्हणजे 1.27 च्या आसपास हवी, त्यासाठी सुमारे 450 किलो एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे) आणि 470 लिटर पाणी लागतं. जवळजवळ वजनास वजन. मीठ औषधी दर्जाचंच घ्या. शेतीसाठी विकतात त्यात लोह आणि कचरा असू शकतो, मग पाणी पिवळट पडतं.

हे सगळं मिळून 920 किलो झालं, टाकीचं आणि माणसाचं वजन वेगळं. दर चौरस मीटरला 320 किलोच्या वर भार आला. घरांचे मजले साधारण 150 ते 200 किलोंचा भार धरून बांधतात. तळमजला नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकी मागवूच नका. मी सगळ्यात आधी हेच तपासायला सांगेन.

भरताना पाणी 40 अंशांपर्यंत तापवून घ्या आणि मीठ एकेक पोतं करून सोडा. एप्सम सॉल्ट विरघळताना उष्णता ओढून घेतं. निम्मं मीठ पडेपर्यंत पाणी हाताला गार लागायला लागतं आणि उरलेलं तळाशी घट्ट बसतं. लाकडी फळीने ढवळत राहा, हीटर चालू ठेवा, एक दिवस हातात ठेवूनच कामाला लागा. शेवटचा दाणा विरघळेपर्यंत पंप चालू करायचा नाही, नाहीतर दाणे आतल्या पंख्याला ओरबाडतात.

आता थंडीचं. 1.27 घनतेचं पाणी 15-16 अंशांपर्यंत उतरलं की खडे धरू लागतं, 1.30 च्या जवळ असेल तर त्याहून बऱ्याच वरच्या तापमानालाच. टाकीत खडे झाले तर पुन्हा तापवून विरघळतात. पण पाइपात किंवा पंपात झाले तर वाट बंद होते, आणि शाफ्टला (फिरत्या दांड्याला) गळती रोखणारं सील असलेला पंप असेल तर ते सीलच कापलं जातं. म्हणून मॅग्नेटिक ड्राइव्हचा, सील नसलेला पंप घ्या. बरेच दिवस वापर नसेल तर पंप आणि फिल्टरची लाइन गरम साध्या पाण्याने धुऊन ठेवा.

पाण्याचं तापमान 34.5 ते 35.5 अंश, त्वचेइतकंच. अर्धा अंश खाली गेलं तरी वीस मिनिटांत पाठीला गारवा जाणवतो आणि सगळं लक्ष तिथेच जातं. हीटरचे पॅड तळाखाली असतात. त्यांच्याखाली 5 सेंटिमीटर फोम हवाच, नाहीतर बरीच उष्णता फरशीला जाते. विजेच्या लाइनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) लावा. यात तडजोड नको.

इतक्या मिठात जंतू जगणार नाहीत, ही समजूत चुकीची आहे. काही जगतात. प्रत्येक वापरानंतर सगळं पाणी निदान तीनदा फिल्टरमधून आणि जंतू मारणाऱ्या यूव्ही (अतिनील) दिव्यासमोरून फिरलं पाहिजे. सोबत जंतूंसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड, टेस्ट स्ट्रिपवर 50 ते 100 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). 35 टक्क्यांचं पेरॉक्साइड हाताची कातडी जाळतं, हातमोजे घालूनच ओता. क्लोरीन त्याच्यासोबत वापरू नका; दोन्ही एकमेकांना संपवतात. फेस दिसला तर समजा, कोणीतरी साबण नीट न धुता आत उतरलंय.

घनता दर आठवड्याला हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजायचं तरंगतं साधन), नेहमी त्याच तापमानाला मोजा. बाष्पीभवनाने वाढली तर फक्त पाणी घाला. अंगावरून थोडं थोडं द्रावण बाहेर जातंच, त्यामुळे पातळी घटली आणि घनताही उतरली तर मीठही टाका.

आत जाण्याआधी आंघोळ, चेहरा कोरडा, कानात सिलिकॉनचे बोळे. त्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग नको, छोट्या खरचटण्यावर व्हॅसलिन. हाताशी साध्या पाण्याची स्प्रे बाटली आणि छोटा टॉवेल ठेवा. डोळ्यात एक थेंब गेला तर दुसरं काही सुचत नाही. मान आखडत असेल तर हात डोक्याच्या वर न्या. दार आतून-बाहेरून नुसत्या धक्क्याने उघडलं पाहिजे, कडी नकोच. फिट्स येत असतील, उघडी जखम असेल किंवा दारू घेतली असेल तर आत जायचं नाही.

टाकीच्या काठावर वाळलेला थेंब पांढऱ्या सुयांसारखा फुलतो. तो ओल्या फडक्याने लगेच पुसा, कारण मॅग्नेशियम सल्फेट सिमेंट पोखरतं. टाकीखाली वॉटरप्रूफ ट्रे घाला. आणि पाणी बदलायची वेळ आलीच तर ते बागेत किंवा सेप्टिक टँकमध्ये सोडू नका. सांडपाणी बघणाऱ्या खात्याला विचारा, आणि परवानगी मिळाली तर भरपूर साध्या पाण्यासोबत हळूहळू सोडा.