बोर्डाच्या पत्रावर सही करू का?

प्रश्न: मी मूळची मिरजेची. ११ वर्षं सॅन होजेजवळ आयसीयूत रजिस्टर्ड नर्स आहे, ग्रीनकार्डवर. दिवाळीच्या पार्टीहून परतताना पोलिसांनी गाडी अडवली, अल्कोहोल ०.११ निघालं. कोर्टात ‘नो कॉन्टेस्ट’ (आरोप लढवत नाही) म्हटलं आणि ३० दिवसांत नर्सिंग बोर्डाला कळवलं. आता बोर्डाचं पत्र आलंय: इंटरव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये (व्यसन असलेल्या नर्सेसवर उपचार आणि देखरेख) या, सगळं गोपनीय राहील. मी वर्षातून चार वेळा वाइन घेते, ड्यूटीवर कधीच नाही. व्यसनी असल्याचं लिहून द्यायचं का? हा कुठला न्याय?

उत्तर: ताई, सही करायच्या आधी विचारलंत, बरं केलंत.

आयसीयूतलं फेंटानिल (अफूसारखं जबरदस्त वेदनाशामक) चोरून टोचून घेणाऱ्या नर्ससाठी हा प्रोग्रॅम खरोखर जीव वाचवणारा आहे. अडचण अशी की माप एकच आहे. २००८ च्या कायद्यातून कॅलिफोर्नियात जी समान मानकं आली, त्यांनुसार पहिल्या वर्षी ५२ ते १०४ चाचण्या, पुढे वर्षाला ३६ ते १०४. आज आपला नंबर लागलाय का, हे रोज तपासायचं. खर्च तुमचा. मूल्यमापन होऊन किमान ३० दिवस चाचण्या निर्दोष येईपर्यंत काम बंद. आईला बघायला मिरजेला जायचं तरी आधी परवानगी काढायची. पार्टीत दोन ग्लास जास्त झालेल्या बाईला हे माप ढगळच होतं, माझं मत विचाराल तर अन्याय्यही.

त्यात लघवीची ईटीजी चाचणी. ती दारू पकडते तशी सॅनिटायझर आणि माउथवॉशमधलं अल्कोहोलही पकडू शकते. निव्वळ या चाचणीवर कुणाला दोषी धरू नका, असा इशारा व्यसनांचा विषय हाताळणाऱ्या सॅम्सा या फेडरल संस्थेनेच २००६ साली दिला होता. आयसीयूत तुम्ही पाळीभर हाताला सॅनिटायझर चोळता! आणि घरी सासूबाईंनी आणलेलं द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट असेल, तर आसव-अरिष्टांत अल्कोहोल आंबवण्यातूनच तयार होतं. ‘ते औषध होतं’ हे मागाहून पटवून देणं फार जड जातं.

म्हणून पत्र फाडून टाकावं का? मुळीच नाही. ‘ड्यूटीबाहेरची गोष्ट, बोर्डाचा काय संबंध?’ या मुद्द्यावर लढू नका. २०१२ साली एका भूलतज्ज्ञ नर्सने नेमका हाच मुद्दा मांडला होता. तिथेही एकच डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा), तोही ड्यूटीबाहेरचा. अपील कोर्टाने बोर्डाची बाजू घेतली, ३ वर्षांचं प्रोबेशन (बोर्डाच्या देखरेखीखाली, अटींवर काम) कायम राहिलं. प्रोबेशनमध्येही अशाच चाचण्या असतात. शिवाय ते बोर्डाच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसतं आणि नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत (डॉक्टर-नर्सेसवरच्या कारवायांची देशभरची नोंदवही) नोंदलं जातं. बोर्ड ‘गोपनीय’ म्हणून जे देऊ करतंय, त्याची किंमत आहे ती इथे.

आता करायचं ते असं. उत्तर धाडण्याआधी व्यसनोपचारातल्या स्वतंत्र डॉक्टरकडून लेखी मूल्यमापन करून घ्या. बोर्डाने सुचवलेला डॉक्टर नको. या स्वतंत्र डॉक्टरांना खरोखर व्यसनाचा आजार दिसला, तर माझा राग विसरा आणि प्रोग्रॅममध्ये जा. नाही दिसला, तर तो अहवाल, डीयूआयचा वर्ग पूर्ण केल्याचा दाखला आणि तुमच्या चार्ज नर्सचं पत्र जोडून वकिलामार्फत उत्तर द्या. हमी कुणीच देणार नाही, पण पहिलीच वेळ असली तर प्रकरण दंडाच्या नोटिशीवर मिटू शकतं. स्वतःची मालप्रॅक्टिस पॉलिसी (कामातल्या चुकांसाठीचा विमा) असेल तर ती वाचा. अनेक पॉलिसींत परवाना वाचवण्यासाठीच्या वकिलाचा खर्च धरलेला असतो, आणि ते कुणी बघतच नाही.

प्रोग्रॅमच्या अर्जात आजवर काय काय घेतलं ते सगळं विचारतात. एखाद्या सहलीत गांजाची गमी (गांजा घातलेली चघळायची गोळी) खाल्ली असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. कॅलिफोर्नियात ती कायदेशीर असेल, फेडरल कायद्यात नाही. शिक्षा झालेली नसली तरी नुसती कबुली नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी आडवी येऊ शकते. एकट्या साध्या डीयूआयपेक्षा मला तिची जास्त धास्ती वाटते.

पुढे बोर्डाकडून ‘अ‍ॅक्युझेशन’ (आरोपपत्र) असं शीर्षक असलेला कागद आला, तर नोटिस ऑफ डिफेन्स (आरोप लढवत असल्याचं कळवणारा अर्ज) भरायला १५ दिवस मिळतात. ते दिवस कागद बजावल्यापासून मोजतात, तुम्ही तो उघडल्यापासून नव्हे. पाकीट फेकू नका, त्यावर पोस्टाचा तारखेचा शिक्का असतो.