ड्रायरचा पट्टा आणि वेचणीचे पैसे

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सासरे लकव्याने अंथरुणावर, रोजच्या दोन-तीन चादरी, आणि पोळा होऊन गेला तरी हिंगणघाटकडची झड काही थांबत नाही. नागपूरच्या दिरांनी सहा वर्षांपूर्वी दिलेला कपडे सुकवायचा सात किलोचा ड्रायर आता नुसता घुमतो, ड्रम फिरत नाही. मेकॅनिक ड्रम फिरवणाऱ्या पट्ट्याचे ९०० आणि गावापर्यंत येऊन बसवायचे १,८०० मागतो. यजमान म्हणतात, भंगारात काढू आणि नवाच घेऊ: ४२,०००, ‘बिनव्याजी’ म्हणून महिन्याला ३,५०० ची किस्त, बारा महिने. बँकेत ३८,००० आहेत, ते कापूस वेचणीच्या मजुरीसाठी राखलेले.

माझं मत स्पष्ट आहे. पट्टा बदला, याच आठवड्यात बदला, आणि त्या ३८,००० मधून नव्या मशीनसाठी एक रुपया काढू नका.

वेचणीची मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी रोख द्यावी लागते. कापूस मात्र वाळवून, भाव बघून विकायचा असतो. हातात मजुरीपुरती रोकड नसली की पहिल्याच वेच्याचा ओला माल गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला तो म्हणेल त्या भावात जातो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचा कापूस घेतच नाहीत. ते पैसे मोडले तर नुकसान मशीनचं नाही, अख्ख्या हंगामाचं होतं. मी हे घराघरांत पाहिलंय, म्हणून इतक्या जोराने सांगतो.

किस्तीचं म्हणाल, तर तुम्हीच लिहिलंय की दुकानदार तीच मशीन रोखीत ३९,००० ला देतो. मग वरचे ३,००० कशाचे? व्याजाचेच. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरच्या किस्ती सोयाबीन घरात यायच्या आधीच सुरू होतील. दिरांनी तेव्हा केलेला खर्च मनात धरू नका. तो झाला. आज प्रश्न २,७०० रुपयांचा आहे, आणि पट्टा दोनच वर्षं टिकला तरी महिन्याला सव्वाशेही पडत नाहीत.

पण मेकॅनिकला गाडीभाडं द्यायच्या आधी एक तपासणी घरीच करा. प्लग काढून ठेवा, दार उघडून ड्रम हाताने फिरवा. अगदी हलका, सैल फिरला तर पट्टा तुटलाय किंवा निसटलाय. दोन आठवडे जळक्या रबराचा वास येत होता म्हणता, म्हणजे तो झिजून घसरत असणार. ड्रम जड लागला, घासला, खरखरला, तर खालचे रोलर किंवा बेअरिंग गेलेत, आणि मग खर्चाचा आकडा वेगळा. पट्ट्यासोबत तो ताणून धरणारी छोटी पुलीही बघायला सांगा. ती अडकत असेल तर नवा पट्टाही लवकर खाईल. एकूण खर्च ६,००० च्या वर जाणार असेल तर काम थांबवून मला कळवा. तोवर मशीन चालू करून बघू नका.

पट्टा मागवताना मागच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर द्या. हा गिरणीच्या पट्ट्यासारखा जाड नसतो. चपटा, आतून बारीक रेघांचा, अख्ख्या ड्रमला वेढा घालणारा, जवळपास दोन मीटर लांब. त्यावर ‘१९३० एच ७’ असं काही छापलेलं असतं: लांबी मिलिमीटरमध्ये, आणि सात रेघा. रेघाही तितक्याच आहेत ना, बघून घ्या. आणि दुकानात नुसतं ‘ड्रायर’ म्हणू नका, सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या पिळणाऱ्या टबालाही आपल्याकडे ड्रायरच म्हणतात.

खरा खर्च तुमच्या पत्रात आलाच नाही, तो विजेचा. गरम हवेचा साधा ड्रायर भरलेल्या एका घाण्याला तीनेक युनिट सहज घेतो. रोज लावला तर महिन्याला नव्वदच्या आसपास, आणि महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांच्या पायऱ्या ओलांडल्या की दर चढतो. म्हणून चादरी आधी धुण्याच्या मशीनमध्ये कोरड्या पिळा, ड्रायर झडीच्या दिवसांतच लावा, आणि फक्त सासऱ्यांच्या कपड्यांसाठी. माझी आजी आजारी असताना आई चुलीच्या उबेला चादर दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. मधोमध हात लावला की अजून दमट. अंथरूण ओलं राहिलं की पाठीला जखमा होतात, आणि त्या भरायला महिने लागतात. त्यामुळे हे २,७०० चैनीत धरू नका, औषधाच्या खर्चात लिहा.

मेकॅनिक मशीन उघडेल तेव्हा आत साचलेला कापसासारखा भुगा त्याच्याकडून पूर्ण साफ करून घ्या, तो पेट घेऊ शकतो. जुना पट्टा मात्र त्याला नेऊ देऊ नका. त्यावरचा नंबर वहीत उतरवा, बसवल्याची तारीख शेजारी लिहा.