वजन पाच आठवडे एकाच आकड्यावर अडलंय. कॅलरी आणखी कमी करू का?

नका करू. तुम्ही लिहिलंय की वय 34, उंची 158 सेंटीमीटर, 78 वरून 71 किलोवर आलात, रोज 1200 कॅलरी घेता आणि पाच आठवडे काटा हललेला नाही. आधी याच आकड्यांचा हिशेब मांडू.

शरीर दिवसाला किती कॅलरी खर्च करतं ते काढायचं मिफ्लिन-सेंट जिओर हे सूत्र 1990 मधलं. बाईसाठी वजनाची दसपट आणि उंचीची सव्वासहापट यांची बेरीज करायची, त्यातून वयाची पाचपट आणि आणखी 161 वजा करायचे. तुमचे साधारण 1370 येतात. नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला एवढं खर्च करतं. काम बैठं असेल तर त्याला 1.2 ने गुणायचं, झाले 1640. वजन 78 होतं तेव्हा हाच आकडा 1720 होता, म्हणजे सात किलो उतरल्याने फरक पडला तो 80 चा. खाणं कमी झालं की शरीर त्याहून थोडी जास्त काटकसर करतं, नकळत हालचालही कमी होते, हे खरं. तरी 1200 वर पाच आठवड्यांत किलो-दीड किलो तरी उतरायला हवं होतं. मला वाटतं, मोजमापातून काहीतरी निसटतंय. राग मानू नका, माझंही तेच झालं होतं.

मी गोव्यातल्या फोंड्याची, 46 वर्षांची. 74 किलोवर सहा आठवडे अडकले होते. वहीत रोज 1300 लिहायची आणि संध्याकाळी भुकेने चिडचिडायची. शेवटी स्वयंपाकाचा डिजिटल काटा आणला. पहिल्याच दिवशी हुमणासाठी, म्हणजे नारळ घातलेल्या माशांच्या आमटीसाठी, आदोळीवर (विळीवर) खवलेली सोय, म्हणजे ओलं खोबरं, त्यावर ठेवली. माझ्या हिशेबी ती 'थोडी' होती, काट्यावर 160 ग्रॅम भरली. ओल्या नारळात 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे एकट्या सोयीच्या साडेपाचशेच्या वर. आम्ही जेवणारी तिघं. मी मात्र वाटीभर हुमणाचे 60 लिहीत आले होते. उकड्या तांदळाच्या भाताची माझी 'एक वाटी' 150 ग्रॅमची नव्हती, शीग लावून 240 ग्रॅमची होती. दुपारच्या चहाबरोबर मूठभर काजू, ते तर लिहिलेच नव्हते. 30 ग्रॅम काजू म्हणजे 170 कॅलरी. सगळं धरून माझे 1300 प्रत्यक्षात 1700 होते.

मग मी 1450 ठरवले, पण काट्यावर तोललेले. वहीतला आकडा वाढला आणि वजन महिन्याला किलोभर उतरू लागलं. कारण साधं आहे: रोज 250 कमी म्हणजे महिन्याला 7500, आणि किलोभर चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700.

हुमण, तोंडाक (नारळाच्या वाटणाची उसळ) यांसारख्या घरच्या पदार्थांचं असं करा. रिकाम्या टोपाचं वजन लिहून ठेवा. नारळ, तेल, मासळी कच्चंच तोलून त्यांच्या कॅलरी मांडा. शिजल्यावर टोपासकट तोला, टोपाचं वजन वजा करा, एकूण कॅलरींना त्या ग्रॅमनी भागा. आता ताटात घ्याल तितक्या ग्रॅमचा हिशेब लागतो. तेल डोळ्यांनी मोजू नका, मोठा चमचा 120 चा असतो. बांगडा रव्यात तळण्याऐवजी हुमणात घातलात तर तेल वाचतं आणि प्रथिनं तेवढीच मिळतात. कमी खाताना स्नायू टिकवायला ती लागतातच.

हे दोन आठवडे करा आणि त्या काळात खाणं बदलू नका. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन घ्या, पण आठवड्याच्या सरासरीकडेच बघा. दोन्ही सरासऱ्या सारख्या आल्या तर तुम्ही जे खाताय तोच तुमचा खरा खर्च, सूत्र काहीही सांगो. त्यातून 250-300 कमी करा. 1200 च्या खाली मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. फार थकवा असेल, केस गळत असतील, पाळी अनियमित झाली असेल, तर थायरॉइडची तपासणी आधी करून घ्या.

एका गोष्टीने घाबरू नका. पाळीच्या आधी किंवा पावसात सुकट, खारे बांगडे खाल्ल्यावर काटा एका रात्रीत किलोभर वर जातो. मिठाने अंगात पाणी धरतं, चरबी वाढलेली नसते. माझं ते दोन-तीन दिवसांत उतरतं.