ती टेकडीमागे पडली नाही

प्रश्न : गेल्या आठवड्यात रात्री आई आणि मी गच्चीत होतो. अचानक हिरवट गोळा आकाशातून सरसरत गेला, आमच्या सावल्या पडल्या इतका उजेड झाला. त्याचे दोन तुकडे झाले आणि तो समोरच्या टेकडीमागे पडला. दोन-तीन मिनिटांनी गडगडाट ऐकू आला. टेकडीपलीकडे शोधलं, काहीच मिळालं नाही. नेमकं कुठं शोधू?

उत्तर : आधी सांगून टाकतो, मला तुमचा हेवा वाटला. इतकी वर्षं आकाशाकडे बघतोय, पण आवाज करणारी उल्का माझ्या वाट्याला आलेली नाही.

टेकडीचा नाद मात्र सोडा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तुमच्या दोन-तीन मिनिटांचा हिशेब चाळीस ते साठ किलोमीटर होतो. म्हणजे टेकडी नुसती आड आली. उजेड डोळे दिपवणारा असला की वस्तू जवळची वाटते; अशा प्रत्येक पत्रात ती शेजारच्या शेतात नाहीतर टेकडीमागे पडलेली असते! 2013 साली रशियात चेल्याबिन्स्कवर असाच, पण प्रचंड गोळा फुटला. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी आले, मागाहून धक्का पोचला आणि काचा फुटून शेकडो जखमी झाले.

हिरवा रंग बहुधा मॅग्नेशियम, निकेल यांचा. तुमच्या पत्रातला मोलाचा भाग म्हणजे गडगडाट. उल्का वातावरणात बरीच खोल उतरल्याशिवाय तो सहसा जमिनीवर ऐकू येत नाही, त्यामुळे तुकडे खाली पोचले असण्याची शक्यता आहे. पण साधारण वीस-तीस किलोमीटर उंचीवर त्यांचा वेग मंदावतो, उजेड विझतो. पुढचा प्रवास अंधारात, वाऱ्याने भरकटत होतो. उजेड जिथे मावळला त्याच्या खाली दगड सापडेलच असं नाही.

शोधण्याऐवजी मोजा. गच्चीत त्याच जागी उभे राहा. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची भरते. गोळा कुठे दिसला, कुठे विझला, ते क्षितिजापासून किती मुठी वर, हे लिहा. दिशा होकायंत्राने घ्या. दूरच्या गावातून कुणी असंच मोजलं असेल, तर दोन्ही रेषांवरून मार्ग काढता येतो. आईला वेगळं उभं करून तिच्याकडूनही खुणा करून घ्या, आणि तोवर आपसात चर्चा नको. दोघांचे आकडे जुळले नाहीत तरी तसेच पाठवा.