६,८०० रुपयांचा खेळ आणि वर्षातले वीस शुक्रवार

पुण्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘आम्ही दोघंही नोकरी करतो. हातात मिळून महिना ९२,००० येतात. भाड्यासकट घरखर्च ५२,०००, एसआयपी १२,०००, अडीअडचणीसाठी बाजूला १,१०,००० आहेत. महिनाअखेर चार-पाच हजार शिल्लक राहतात. एक शुक्रवार आड दोन मित्र जेवायला येतात आणि आम्ही चौघं बोर्ड गेम खेळतो. आई आमच्याकडेच असते. तिला पत्ते आवडतात, इंग्रजी वाचता येत नाही. गेल्या १४ महिन्यांत मी ३१,००० रुपयांचे नऊ खेळ घेतले. आता “राजाज ऑफ द गँजेस” घ्यावासा वाटतो. घरपोच ६,८०० सांगताहेत, सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवरही मिळेल. एका मित्राचं म्हणणं, फासे म्हणजे नशिबाचा बाजार. बायको म्हणते, आहेत ते आधी खेळा. घ्यावा का?’ पत्रासोबत कोणता खेळ किती रुपयांना आणला आणि किती वेळा खेळला, याच्या नोंदींचा फोटो आहे.

नमस्कार. त्या नोंदींसाठी तुमचं मनापासून कौतुक. असे आकडे समोर असले की सल्ला देणाऱ्याला हवेत बोलावं लागत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. ‘हेच ६,८०० रुपये १५ वर्षं गुंतवले असते तर’ हा हिशेब मी मांडणार नाही. वर्षाला १० टक्के धरले तर त्याचे सुमारे २८,००० होतात, हे खरं. पण त्या न्यायाने चहासुद्धा पिता येणार नाही. माणसांनी घरी यावं, जेवावं, दोन तास फोन बाजूला ठेवून एका टेबलाभोवती बसावं, यासाठी पैसे खर्च करणं ही उधळपट्टी नाही. १४ महिन्यांत ३१,००० म्हणजे महिन्याला साधारण २,२००. तुमच्या मिळकतीच्या अडीच टक्केही नाहीत. छंदावर एवढा खर्च मला अजिबात जास्त वाटत नाही.

तुमच्या वहीत मला खुपलं ते वेगळंच. नऊ खेळ मिळून ४१ वेळा खेळले गेले, म्हणजे एका बैठकीला सरासरी ७५६ रुपये. चौघांत वाटले तर माणशी १८९. इथपर्यंत छानच. पण त्या ४१ पैकी २६ बैठका फक्त दोन खेळांच्या आहेत, आणि त्या दोघांची मिळून किंमत ५,२०० आहे. म्हणजे बैठकीला २०० रुपये, माणशी ५०. इतकी स्वस्त आणि इतकी चांगली संध्याकाळ पुण्यात दुसरीकडे कुठे मिळेल, मला तरी सांगता येणार नाही. उरलेल्या सात खेळांवर २५,८०० रुपये गेले आणि बैठका झाल्या १५. एका बैठकीला १,७२० रुपये. त्यातल्या पाच खेळांना प्रत्येकी तीन संधी मिळाल्या आणि दोन पेट्यांचं प्लास्टिकही अजून फाडलेलं नाही.

तेव्हा तुमच्याकडे पैशांपेक्षा शुक्रवार कमी आहेत. एक आड एक म्हणजे वर्षाला २६, त्यातून गणपती, दिवाळी, लग्नं, कुणाचं आजारपण, कुणाची ऑफिसची डेडलाइन वजा करा. हाती २० उरतील. एका संध्याकाळी एक मोठा खेळ होतो, फार तर जोडीला एक छोटा. त्या २० पैकी १२ संध्याकाळी तुमचे दोन लाडके खेळ घेणारच. राहिल्या आठ. त्या आठ जागांसाठी तुमच्या कपाटात सात खेळ आधीच रांगेत आहेत आणि तुम्ही आठवा आणताय. तुमच्या पत्नी बोलतात त्यात हाच हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे.

आता खेळाकडे वळू. हा खेळ मी एका मैत्रिणीच्या घरी पाच-सहा वेळा खेळले आहे आणि तो मला आवडतो, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलताना हात आखडणार नाही. इंका आणि मार्कुस ब्रांड या जर्मन जोडप्याने तो रचला आणि २०१७ मध्ये तो बाजारात आला. दोन ते चार खेळाडू, वय १२ पासून पुढे, पेटीवर वेळ ४५ ते ७५ मिनिटं. मुघल काळातला हिंदुस्थान, आपण प्रत्येकजण एकेक राजा किंवा राणी, आणि आपापला प्रांत उभा करायचा. आपल्या पाळीला एक माणूस पटावरच्या एका जागेवर ठेवायचा आणि त्या जागेचं काम करून घ्यायचं. वर्कर प्लेसमेंट म्हणतात ते हेच. दुसऱ्याने आधी जागा अडवली की आपण दुसरी वाट शोधायची. माणसं सुरुवातीला तीनच असतात, पुढे ती सहापर्यंत वाढवता येतात.

यात फासे हेच चलन आहे. चार रंगांचे फासे मिळतात. मिळाला की टाकायचा आणि जो आकडा पडेल त्यासकट जपून ठेवायचा. प्रांतात जमिनीचा एखादा तुकडा घ्यायचा तर ठरलेल्या रंगाच्या फाशांची बेरीज त्याच्या किमतीएवढी भरायला हवी. राजवाड्यातल्या दालनांत मात्र ठरावीक आकड्याचाच फासा चालतो, त्यामुळे तिथे एक्का पडला तरी तो वाया जात नाही. शिवाय कर्म नावाची पुंजी असते. एक कर्म खर्चून फासा उलटा करता येतो, म्हणजे एकचे सहा, दोनचे पाच. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात असते, त्यामुळे हे गणित सोपं आहे. नुसत्या फाशाची सरासरी साडेतीन. हवा तेव्हा उलटवायची मुभा असेल तर तीच सरासरी पाचावर जाते.

तुमच्या मित्राच्या आक्षेपाचं उत्तर इथे आहे. फाशांचे खेळ दोन तऱ्हांचे असतात. काहींत निर्णय आधी आणि फासा नंतर. २००८ चा ‘स्टोन एज’ हा बोर्ड गेम घ्या. तिथे तुम्ही तीन माणसं सोन्याच्या खाणीवर पाठवता, मग तीन फासे टाकता आणि बेरजेला सहाने भागता. बेरीज ३ ते १८ यांतली काहीही येऊ शकते, म्हणजे सोन्याचे तुकडे शून्य ते तीन. हत्यारं जमवली असतील तर थोडी भर घालता येते, पण माणसं गेली ती गेली. दुसऱ्या तऱ्हेत फासा आधी आणि निर्णय नंतर. ‘राजाज’ या दुसऱ्या तऱ्हेत मोडतो. नशीब काय द्यायचं ते देऊन मोकळं होतं आणि मग त्याचं काय करायचं, हे तुमच्या हातात राहतं. पत्त्यांतही तसंच असतं. वाईट पानं आली तरी चांगला खेळणारा ती नीट लावतो. हा फरक त्या मित्राला दोन वाक्यांत समजावून सांगा. तरीही त्याला फाशांचा कंटाळा वाटला, तर त्याची आवड निराळी आहे असं समजा. चौघांतला एक नाखूश असेल, तर आठ बैठकांच्या चार होतील.

जिंकायची रीतही मला मनापासून आवडते. पटाच्या कडेने दोन वाटा जातात, एक पैशाची आणि एक कीर्तीची, उलट्या दिशांनी. आपल्या दोन्ही सोंगट्या समोरासमोर येऊन एकमेकींना ओलांडल्या की खेळ शेवटाला आला. पैसा कमी पडला तर कीर्तीने जास्त चालावं, किंवा उलट. शेवटी कागद-पेन घेऊन बेरजा करत बसावं लागत नाही. कोण पुढे आहे ते सगळ्यांना सगळा वेळ पटावर दिसतं. जेवणानंतर, अकरा वाजत आलेले असताना, याची किंमत कळते.

आता आईंविषयी. माझा निर्णय त्यांच्यावर अवलंबून आहे, आणि तुम्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे.

हा खेळ फार तर चौघांचा आहे. मित्र आले की तुम्ही आधीच चौघं असता, त्यामुळे त्या शुक्रवारी आईंना जागा नाही. पण मधल्या शुक्रवारी घरात तुम्ही तिघं असता आणि तिघांत तो उत्तम चालतो. पटावर आणि सोंगट्यांवर वाचायचा मजकूर जवळजवळ नाही, सगळं चित्रांत आणि टिंबांत आहे. नियमांचं पुस्तक तुम्ही एकदा वाचून सांगितलंत की इंग्रजीचा अडसर राहत नाही. झब्बू आणि बदामसात खेळणाऱ्या बाईला हलकं पान केव्हा काढायचं आणि भारी पान केव्हा राखायचं, हे कुणी शिकवायला लागत नाही. त्यांना गोडी लागली तर मधल्या शुक्रवारांपैकी दहा तरी बैठका सहज होतील. मग वर्षाला आठ ऐवजी १८. आठ बैठकांना ६,८०० म्हणजे ८५० रुपयांची एक. १८ असतील तर ३७८. दुसऱ्या वर्षी हा आकडा निम्मा होतो.

एक गोष्ट मात्र त्यांना आधी दाखवा. मिळालेले फासे ठेवायला प्रत्येकाला पुठ्ठ्याची कालीमातेची मूर्ती मिळते आणि तिच्या हातांत फासे मांडायचे असतात. काही घरांत हे खटकत नाही, काही घरांत फार खटकतं. आईंना ते रुचलं नाही, तर फासे एखाद्या वाटीत ठेवता येतील. पण पेटी आणल्यावर त्यांच्या मनाला लागण्यापेक्षा आधी फोटो दाखवून विचारलेलं बरं.

आधी खेळून पाहता आलं तर फारच उत्तम. पुण्या-मुंबईत बोर्ड गेमचे कॅफे आहेत, खेळणाऱ्यांचे गट भेटत असतात. कुणाकडे तरी ही पेटी निघेल. आईंनाही घेऊन जा. पहिली बैठक पेटीवरच्या वेळेपेक्षा बरीच लांबते, नियम सांगण्यातच अर्धा तास जातो, तेवढं गृहीत धरा. फासे आणि माणसं ही जातकुळीच मानवते का, एवढंच तपासायचं असेल, तर ‘स्टोन एज’ हा ‘बोर्ड गेम अरीना’ या संकेतस्थळावर ऑनलाइन खेळता येतो.

ईएमआय अजिबात नको. नो-कॉस्ट या शब्दावर जाऊ नका. व्याजाशिवाय कर्ज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट आधी देतो, एवढंच. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीही. ६,८०० वर सहा महिन्यांसाठी १५ टक्के दर धरला तर व्याज ३०० च्या आसपास, त्यावर जीएसटी पन्नासेक रुपये, फी १९९ असेल तर तिच्या जीएसटीसह २३५. म्हणजे २८५ रुपये उगाच. रक्कम छोटी आहे, पण छंदाचे हप्ते सुरू झाले की एकाचे तीन होतात आणि पुढच्या महिन्याचे २,२०० आधीच खर्च झालेले असतात.

माझं म्हणणं असं: हा खेळ घ्या, पण त्या दोन सीलबंद पेट्या विकल्यावर. न उघडलेल्या पेटीला वापरलेल्या पेटीपेक्षा बरा भाव येतो आणि खेळणाऱ्यांच्या गटांत त्या लवकर जातात. तीनदाच खेळलेल्या पाचांपैकी ज्यांचं नाव निघालं की चौघांपैकी कुणाचाच चेहरा खुलत नाही, तेही काढा. विकण्याआधी सोंगट्या मोजून पेटी पूर्ण असल्याची खात्री करा. त्यातून ५,००० उभे राहिले तर वरचे पैसे एका महिन्याच्या छंदाच्या रकमेत बसतात. ६,८०० घरपोच म्हणजे कस्टम्स धरून की वगळून, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. बाहेरून पार्सल येत असेल तर दारात ड्युटी मागितली जाते आणि सगळा हिशेब बदलतो. आईंनी नको म्हटलं किंवा मित्र रमला नाही, तर खरेदी रद्द करा आणि विक्रीचे पैसे तसेच बाजूला ठेवा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. ९२,००० मधून ५२,००० आणि १२,००० गेले की २८,००० उरायला हवेत. त्यातले २,२०० खेळांचे, पाच हजार शिल्लक. मग जवळपास २१,००० कुठे जातात? पत्रात त्यांचा पत्ता नाही. घरखर्चाच्या हिशेबाने तुमची अडीअडचणीची रक्कम जेमतेम दोन महिन्यांची आहे आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाकडे निदान चार महिन्यांची असावी असं मला वाटतं, म्हणजे २,०८,०००. कमी पडतात ९८,०००. खेळांची वही जितक्या निगुतीने ठेवली आहे, तितक्याच निगुतीने पुढचे दोन महिने या २१,००० ची ठेवा. त्यातून महिन्याला आठ हजार जरी वेगळे काढता आले, तरी साधारण वर्षभरात ही रक्कम पुरी होते. दोन महिन्यांनी ती वही मला पाठवा, आणि आईंना खेळ कसा वाटला तेही कळवा.